क ला काना का... याच्या पुढे गाडीच सरकत नाही! (वय ७, घरचं वाचन)

शेवंती (रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते इथं, लिहायची पहिलीच वेळ, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा दुसरीत आहे, सात पूर्ण झाली. बोलायला एकदम तरबेज, समोरच्याला गप्प करेल. बाराखडी धडाधड म्हणतो, एका दमात. पण पुस्तक समोर धरलं की सगळा फुगा फुस्स. परवा 'किनारा' हा शब्द आला. साहेबांचं वाचन असं, "क ला पहिली वेलांटी कि, न ला काना ना, र ला काना रा... नारा?" मी म्हटलं अरे पहिलं अक्षर कुठं गेलं, तर परत पहिल्यापासून सगळं, आणि तिसऱ्या वेळेला माझ्या तोंडाकडे बघत म्हणतो "नारायण!" हसावं की रडावं कळेना.

रोज रात्री पाऊण तास बसवते, चूक झाली की लगेच सांगते, तरी दोन महिने झाले आहे तिथंच आहे. आणि काल तर कहर झाला, पुस्तक सापडेचना, सगळं घर पालथं घातलं, शेवटी धुवायच्या कपड्यांच्या बादलीत तळाला मिळालं. म्हणजे आपोआप नाही ना गेलं ते तिथं. मला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं खरं सांगायचं तर. घरी नेमकं काय करायचं असतं? क्लास वगैरे लावायचा नाहीये एवढ्या लहान वयात.

दोन_पिल्लांची_आई (रात्री ११:३१)

अगं बादलीत! 😂 सॉरी, हसायला नको होतं. आमच्याकडे गादीखाली जायची पुस्तकं. मी पण सतरंजी टाकून बसते इथं, धाकटी त्याच वाटेवर आहे.

निवांत (रात्री ११:४८)

एवढं काय त्यात, येईल आपोआप. आम्हाला कुणी बसवलं होतं का वाचायला? पाठीत एक धपाटा आणि पाढे, झालं शिक्षण. आजकाल पालकच जास्त टेन्शन घेतात.

पाटीपेन्सिल (सकाळी ६:१०)

शेवंती, मी बावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, आता रिटायर झाले, त्यामुळे सकाळी सकाळी लांबण लावणार आहे, वाचायचं तर वाच.

आधी निवांत यांना. बोलणं आपोआप येतं, वाचणं येत नाही. बोलणाऱ्या माणसांत वाढलेलं मूल बोलायला लागतं, पण पुस्तकांच्या ढिगात ठेवलं म्हणून वाचायला लागत नाही, ते कुणीतरी शिकवावंच लागतं. आणि धपाट्याने शिकले ते तुम्ही आज इथं लिहिताय, पण जे त्या धपाट्याने पुस्तकापासून कायमचे पळाले ते इथं लिहायला येणारच नाहीत ना.

आता मुद्द्याचं. तुझ्या मुलाचं 'क ला पहिली वेलांटी कि' मोजून बघ. किनारा या तीन अक्षरांसाठी तो तेरा शब्द बोलतोय. तेरा! लहान मुलाच्या डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टी मावतात, पाचवी आली की पहिली बाहेर पडते. 'रा' ला पोचेपर्यंत 'कि' सांडून गेलेली असते, म्हणून त्याला 'नारा' ऐकू येतं. तो आळशी नाहीये आणि मठ्ठ तर अजिबातच नाही, त्याला ओझं जास्त झालंय. हे 'ला काना' प्रकरण लिहायला शिकवताना ठीक आहे, वाचताना ते तोंडातून काढून टाकायचं.

बाराखडी पाठ येणं आणि बाराखडी वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पण लक्षात घे. पाठ म्हणताना तो चालीवर जातो, डोळ्यांची गरजच नसते. खात्री करायची असेल तर एका कागदावर कु, मा, टे, शी, रो असं उलटसुलट लिहून बोट ठेव. मी पैजेवर सांगते, गडबडणार.

शेवंती (सकाळी ९:०५)

बाई, पैज जिंकलात. आत्ता शाळेत जाता जाता विचारलं. 'मा' आणि 'रो' आलं. 'टे' ला 'ट ला एक मात्रा' म्हणत बसला आणि 'कु' ला तर त्याने क पासून सगळी बाराखडी मनातल्या मनात म्हटली, ओठ हलताना दिसत होते. मी इतके दिवस समजत होते की बाराखडी येते!!

पाटीपेन्सिल (सकाळी १०:२२)

ओठ हलताना दिसले ना, तिथंच सगळं कळलं.

आता असं कर. बाराखडी आडवी नाही, उभी घे. म्हणजे क का कि की नाही, तर एकच चिन्ह धरायचं आणि अक्षरं बदलत जायची. पहिला आठवडा फक्त काना. का मा ना रा ला हा जा. आणि लगेच त्याचीच वाक्यं करायची, "मामा, माझा हात धर." "काका, जरा बाजारात जा." बघ, यात काना सोडून एकही चिन्ह नाही पण वाक्य खरं आहे, अर्थ लागतो. पहिल्याच दिवशी मुलाला आपण 'वाचलं' असं वाटतं, नुसती अक्षरं ओळखली असं नाही. मग दुसरी वेलांटी, मग एक मात्रा, मग काना-मात्रा.

पहिली वेलांटी मी मुद्दाम मागे ठेवायचे. का? 'कि' लिहिताना चिन्ह अक्षराच्या आधी येतं आणि बोलताना नंतर. मूल डावीकडून उजवीकडे जातंय, त्याला आधी वेलांटी भेटते, तिचा आवाज काय काढायचा हे कळायच्या आत क येतो. म्हणून 'कि' हे एकच चित्र आहे असं शिकवायचं, तोडायचं नाही. पुढे रफार येईल तेव्हा याच्या उलटी गंमत, 'पर्वत' मध्ये र दिसतो व च्या डोक्यावर पण म्हणायचा व च्या आधी. ते आत्ता नको.

आणि ताई, पाऊण तास? दहा मिनिटं गं. फार तर पंधरा.

उंटावरचा_शहाणा (दुपारी १:१५)

बाईंच्या म्हणण्याला थोडा हिशेब जोडतो (सवय आहे, माफ करा). मराठीत क्ष-ज्ञ सोडले तर ३४ व्यंजनं, गुणिले बाराखडीचे १२, म्हणजे ४०८ आकार, जोडाक्षरं अजून मोजलीच नाहीत. इंग्रजीत अक्षरं २६. लोक म्हणतात मराठी सोपी, जसं लिहितो तसं वाचतो. सोपी आहे, पण सामान जास्त आहे, त्यामुळे वेळ लागतो. सोनाली नाग यांचा कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवरचा २००७ चा अभ्यास आहे, त्यात दिसलं की सगळी अक्षरं हातात यायला मुलांना चौथी-पाचवीपर्यंत वेळ लागतो. कन्नड लिपीची रचना आपल्यासारखीच. तेव्हा दुसरीतल्या मुलाला सगळं यायलाच हवं हा धोशा सोडा.

आणि 'जसं लिहितो तसं वाचतो' हे पण अर्धसत्यच आहे. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च एकच आहे का? 'जन्म' आणि 'जमीन'? लिहिताना काही फरक नाही. 'गवत' लिहितो तीन पूर्ण अक्षरं, म्हणताना शेवटचा त अर्धवट सोडून देतो. मूल जेव्हा 'ग...व...त' असं तीन ठोके देऊन वाचतं तेव्हा ते लिहिलेलंच वाचत असतं, आपल्याला मात्र ते परग्रहावरून आल्यासारखं वाटतं.

दोन_पिल्लांची_आई (दुपारी १:४०)

शहाणे दादा, च चा मुद्दा एकदम पटला, आमची 'चाक' ला चार मधल्या च ने वाचायची आणि मग विचारायची म्हणजे काय. शब्द तिला माहीत होता, आवाज जुळत नव्हता म्हणून ओळखू येत नव्हता.

चष्मेवाली (दुपारी ३:०२)

एक महत्त्वाचं. डोळे तपासलेत का? माझ्या मुलीच्या वेळी आम्ही वर्षभर 'लक्ष देत नाही' म्हणून तिच्यावरच डाफरत होतो. शाळेत तपासणी झाली होती, लांबचा तक्ता फटाफट वाचला होता, म्हणून आम्ही निर्धास्त. पण तिला प्लसचा नंबर होता, लांबचं दिसतं, जवळचं बघताना डोळे शिणतात. पाच मिनिटं वाचलं की डोळे चोळणं, ओळ सुटणं, डोकं दुखतंय म्हणणं. आम्हाला वाटायचं नाटकं. चष्मा लागल्यावर पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, "आई, अक्षरं अशी शांत उभी असतात का सगळ्यांना?" मला रडूच फुटलं तेव्हा.

कान पण बघून घ्या. वारंवार सर्दी-कान दुखणं असेल तर ऐकू कमी येतं काही दिवस, आणि त - थ, द - ध मधला फरक कानालाच कळला नसेल तर कागदावर कुठून कळणार.

शेवंती (दुपारी ३:३०)

डोळे नाही तपासले कधी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच अपॉइंटमेंट घेते. थँक्यू गं.

खिडकीतला (संध्याकाळी ७:१८)

आमचा सोपा उपाय. एक पान वाचलं की दहा रुपये. पोरगं आठवड्यात पुस्तक संपवतं. 😎

उंटावरचा_शहाणा (संध्याकाळी ७:४५)

खिडकीतले राव, १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला आधीच आवडायचं तीच घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, आणि दिलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर बक्षीस कबूल केलेली मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांच्या निम्माच वेळ जात होती. खेळ होता त्याचं काम झालं. ज्याला वाचन मुळातच नकोसं आहे त्याला सुरुवातीचा धक्का म्हणून एखादं बक्षीस चालेलही, पण पानावर रेट लावला की पोरगं पानं मोजायला शिकतं.

खिडकीतला (संध्याकाळी ७:५९)

हम्म. खरं सांगू का, परवा तो मोठ्या अक्षरांची पातळ पुस्तकं शोधून आणत होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. 😅

पाटीपेन्सिल (रात्री ८:३०)

हुशार आहे हो पोरगं, हिशेब पक्का आहे.

शेवंती, राहिलेला मुद्दा, चूक झाली की लगेच सांगते असं तू लिहिलंस. ते बंद कर. अडला की मनात पाच आकडे मोज, गप्प बस. नवीन आयांना ही पाच सेकंदं पाच तासांसारखी वाटतात, माहितीये मला, पण बरीच मुलं तेवढ्यात स्वतः सुधारतात. नाहीच जमलं तर इशारा दे, अख्खा शब्द नको. "पहिलं अक्षर बघ परत" किंवा शब्दावर बोट ठेवून अर्धा झाक. 'किनारा' असेल तर 'नारा' झाकायचं, 'कि' म्हणू दे, मग 'ना' उघड, "किना", मग 'रा'. मागचं सोबत घेऊन पुढे जायचं, म्हणजे सांडत नाही. आणि तरीही नाही आलं तर सरळ सांगून टाक शब्द आणि पुढे चल, तिथं परीक्षा नको. स्वतः चूक दुरुस्त केली की मात्र नुसतं शाब्बास म्हणू नकोस, नेमकं सांग, "आधी धर म्हणालास, मग परत बघून घर केलंस, छान पकडलंस." घ-ध, भ-म, ब-व ही जोडगोळी सगळ्यांनाच छळते, दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नकोस. आधी घ पक्का होऊ दे, आठवड्याने ध.

मायबोलीपासून_दूर (रात्री १०:१०)

छान धागा. आमचा प्रश्न जरा वेगळाय, मुलगी इंग्रजी छान वाचते (८ वर्षं), मराठी बोलते घरी, पण मराठी वाचताना पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकते. 'पाऊस' असेल आणि चित्रात छत्री असेल तर बिनधास्त 'छत्री' म्हणून मोकळी. तिच्या जुन्या शाळेतच शिकवलं होतं की अडलं तर चित्र बघ आणि अंदाज कर. ते बरोबर आहे का?

पाटीपेन्सिल (रात्री १०:३५)

चित्र गोष्ट समजायला आहे, शब्द वाचायला नाही. अंदाजाने वाचणं पहिलीत खपून जातं कारण प्रत्येक पानावर चित्र असतं, चौथीत चित्रं संपतात आणि मूल तोंडघशी पडतं. तिने 'छत्री' म्हटलं तर चूक आहे असं म्हणू नका, "छत्री असती तर पहिलं अक्षर कुठलं दिसलं असतं?" एवढंच विचारा. ती स्वतःच हसेल.

एक गंमत सांगते, मी पहिलीला शिकवताना चित्रावर चिकट कागद लावून ठेवायचे, मुलांनी ओळ वाचली की मग कागद उचलायचा आणि आपण वाचलेलं चित्रात आहे का बघायचं. मुलं ओरडायची अक्षरशः.

उंटावरचा_शहाणा (रात्री १०:५०)

आणि मोबाइलवर मराठी वाचायला देत असाल तर एक बघा, बऱ्याच फोनवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, पुस्तकात वेगळे. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, पण नुकतं शिकणाऱ्या मुलाला ती दोन नवीनच अक्षरं वाटतात. आधी दाखवून ठेवा.

दोन_पिल्लांची_आई (सकाळी ११:००)

माझ्या मोठ्याचं उलटंच आहे. फाडफाड वाचतो, कुठं अडत नाही, आणि विचारलं काय वाचलंस तर "माहीत नाही". टेपरेकॉर्डर झालाय नुसता.

उंटावरचा_शहाणा (सकाळी ११:२५)

याच्यासाठी गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र आहे. वाचून समजणं = अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही हं, गुणाकार. म्हणजे दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. शेवंतीच्या मुलाची भाषा उत्तम आहे, अक्षरं अडतात. तुमच्या मोठ्याची अक्षरं पक्की आहेत, भाषा कमी पडत असेल. त्याला अजून जोरात वाचायला लावून काही होणार नाही, त्याच्याशी बोला. वाचलेल्या उताऱ्यातले दोन-तीन शब्द आधी गप्पांत आणा, मग वाचू दे.

पाटीपेन्सिल (सकाळी ११:५२)

आणि 'काय वाचलंस' हा प्रश्नच वाईट आहे हो, मलाही कुणी विचारला तर मी पण माहीत नाही म्हणेन. मध्येच थांबून "आता हा काय करेल?" "तू असतास तर दार उघडलं असतंस का?" असं विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल, वाद घालू दे. आणि महत्त्वाचं म्हणजे मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून तुम्ही त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. सगळे पालक इथं चुकतात. तो स्वतः जे वाचतो ते 'मामा, माझा हात धर', आणि त्याला समजू शकतं ते त्याच्या दहापट अवघड. ते दहापट फक्त तुमच्या तोंडूनच मिळणार. दोन वेगळी पुस्तकं ठेवा, एक त्याचं सोपं, एक तुमचं रात्रीचं.

आजोबा_ऑनलाइन (दुपारी १२:३०)

मी काही तज्ज्ञ नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस वाचायची बंदी होती. नात दुसरीत. तिला म्हटलं बाळा मला दिसत नाही, तू वाचून दाखव. पेपरातले मथळे वाचायला लावले. अडली की म्हणायचो काय अक्षर आहे ते सांग मला, मला दिसत नाही ना. मग ती मला समजावून सांगायची आणि समजावता समजावता तिलाच कळायचं. ऑपरेशन केव्हाच बरं झालं, मी अजून तिला सांगितलेलं नाही. 🙂

चष्मेवाली (दुपारी १२:४१)

आजोबा!! ❤️ मलाही असे आजोबा पाहिजेत.

निवांत (दुपारी १:१०)

हे मात्र आवडलं आजोबा. धपाट्याची पोस्ट मागे घेतो.

शेवंती (दहा दिवसांनी, रात्री ९:५०)

रिपोर्ट देते. डोळे नॉर्मल आहेत, कानही. पाऊण तासाचं दहा मिनिटं केलं, टायमर लावला नाही, रात्रीऐवजी शाळेतून आल्यावर थोडं खेळून झालं की. फक्त काना. पहिल्या दिवशी "मामा, माझा हात धर" वाचलं आणि स्वतःच उठून माझा हात धरला! मग मी रोज चिठ्ठी लिहायला लागले, "दार लाव", "बाबाचा कान धर", अशी करायची कामं. वाचलं की करायचं. बाबाचा कान आता लाल झालाय रोज धरून धरून.

पण एक प्रॉब्लेम आहे, तो तेच तेच पुस्तक काढतो. सात पानांचं आहे, पाच दिवस तेच. पाठ झालं असेल असं वाटतं मला. दुसरं द्यावं का?

पाटीपेन्सिल (रात्री १०:१५)

देऊ नकोस गं! तेच तेच वाचू दे, पुन्हा पुन्हा वाचण्यानेच वेग येतो. पहिल्यांदा अक्षरं फोडतो, चौथ्यांदा शब्द एकदम दिसतो. पाठ झालंय का बघायचं तर मधलंच एखादं वाक्य वेगळ्या कागदावर लिहून दे, किंवा बोट ठेवून वाचायला सांग. बोट आणि तोंड एका जागी चाललं तर वाचतोय, बोट मागे आणि तोंड पुढे तर म्हणतोय.

नवीन पुस्तक निवडताना पाच बोटांची युक्ती वापर. एक पान उघड, न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाच बोटं झाली तर ते पुस्तक अजून थोडं मोठं आहे त्याच्यासाठी, तू वाचून दाखव.

मायबोलीपासून_दूर (रात्री १०:४०)

पुस्तकांसाठी सांगते, स्टोरीवीव्हर म्हणून साइट आहे, मराठी गोष्टी फुकट आहेत आणि चार पातळ्या केल्यात, पहिलीतली वाक्यं अगदी छोटी. आम्ही प्रिंट काढून शिवून पुस्तकं करतो. मुलीने स्वतः शिवलेलं पुस्तक ती जास्त वाचते हे पण लक्षात आलंय. आणि गाणी लावते ती शक्यतो खाली त्याच भाषेतल्या ओळी येणारी, गाता गाता नजर जातेच ओळीवर.

साशंक (रात्री ११:०५)

मध्येच घुसतो. माझा मुलगा साडेआठचा, हे सगळं वर्षभर केलं, तरी अक्षरं विसरतो, काल आलेलं आज येत नाही. माझ्या भावालाही लहानपणी असंच होतं. डिस्लेक्सिया असू शकतो का? घरचे म्हणतात उगाच लेबल लावू नको.

चष्मेवाली (रात्री ११:२२)

साशंक, मी डॉक्टर नाही पण आमच्या घरात आहे म्हणून सांगते. अक्षरं उलटी दिसणं-लिहिणं सातेक वर्षांपर्यंत भरपूर मुलांत असतं, त्यावरून काही ठरत नाही. पण तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आहेत, वय, वर्षभर नीट शिकवून न टिकणं, आणि घरात आधी कुणाला असणं. हे अनुवंशिक असतं बऱ्याचदा. वाट बघू नका, तपासणी करून घ्या, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक असतात त्यासाठी. आणि मराठीसारख्या भाषेत ही मुलं दरवेळी चुकीचंच वाचतात असं नाही, कधी कधी बरोबर वाचतात पण भयंकर सावकाश, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. माझ्या दिराला तिशीत कळलं. तोपर्यंत 'ढ' हे लेबल लागलेलंच होतं की, ते कुणी लावू नको म्हणालं नव्हतं.

साशंक (रात्री ११:३०)

शेवटचं वाक्य लागलं. उद्या फोन करतो.

शेवंती (दीड महिन्याने, रात्री १०:३०)

धागा वर काढते, बाई अजून येतात ना इथं?

काना, दुसरी वेलांटी, मात्रा, उकार झाले. पहिली वेलांटी मागच्या आठवड्यात घेतली, 'कि' एकच चित्र म्हणून, आणि 'किनारा' मुद्दाम पुढे ठेवला. बघितलं, थांबला, (मी पाच आकडे मोजले, तीनवरच जीभ चावली) आणि म्हणाला "किनारा". काहीच विशेष न झाल्यासारखा पुढे गेला. मीच आत जाऊन डोळे पुसून आले.

अजून सावकाशच वाचतो हं, वर्गात पुढे वगैरे काही नाही. मधे एक आठवडा पूर्ण बुडाला, तापात होता, मग परत दोन दिवस नाटकं. जोडाक्षर आलं की अजून माझ्याकडे बघतो.

पण सांगायचं ते हे. काल रात्री मी माझं पुस्तक वाचून दाखवत होते, ते अवघड वालं, झोप येत होती म्हणून खालच्या चार ओळी गाळून पान उलटलं. तर हा उठून बसला, पान परत मागे केलं, बोट ठेवलं आणि म्हणतो, "आई, इथं अजून आहे. 'मग तो म्हातारा'... पुढचं मला येत नाही, पण आहे."

मला वाचावंच लागलं सगळं.

पाटीपेन्सिल (रात्री १०:५२)

येते गं, येते. आता तुझी सुटका नाही, गाळलेलं पकडणारा आलाय घरात.

आणि 'म्हातारा' वाचलं म्हणतेस आणि जोडाक्षर येत नाही म्हणतेस? म्हा काय आहे मग? 🙂 बोलण्यातली घे आधी, म्हणून, तुम्ही, आम्ही, नव्हता, पुन्हा. ही रोज तोंडात असतात, डोळ्याला ओळखीची व्हायला वेळ लागत नाही. रफाराला हात लावायच्या आधी मला विचार.

दोन_पिल्लांची_आई (रात्री ११:०१)

रफाराचा वेगळा धागा काढा ना बाई, इथं आता स्क्रोल करून करून बोट दुखायला लागलं.